मेलेला प्रोग्रॅम मेमरी कशी धरून ठेवेल?

हा प्रश्न मला आमच्याकडच्या एका चोवीस वर्षांच्या मुलानं विचारला होता. "सर, मेलेला प्रोग्रॅम मेमरी कशी धरून ठेवेल?" मी तेव्हा काही तरी बोलून त्याला वाटेला लावलं. काय बोललो ते आता आठवत नाही. बहुतेक "व्हॅलग्राइंड सगळं दाखवत नाही" असं काही तरी. प्रश्न मात्र बरोबर होता, आणि त्याचं उत्तर शोधायला मला पुढं पाच आठवडे लागले.

झालं असं होतं. चाकणच्या एका कारखान्यात बोल्ट बनतात. पट्ट्यावरून सेकंदाला साधारण चार बोल्ट जातात, प्रत्येकाचा फोटो निघतो, आटे बिघडलेले असतील तर हवेचा झोत येतो आणि बोल्ट बाजूच्या पेटीत पडतो. पट्ट्याशेजारी लोखंडी कपाटात एक छोटा कॉम्प्युटर असतो. त्यात ८ जीबी मेमरी, लिनक्स, कॅमेऱ्याचं कार्ड. कार्ड चालवणारा ड्रायव्हर आमच्या कंपनीनं लिहिलेला, आणि फोटो तपासणारा प्रोग्रॅम या मुलानं. तो सहा महिन्यांच्या कंत्राटावर होता. ते कंत्राट वाढवायचं की नाही, यावर शेरा मी द्यायचा होता.

अशा पाच लाईन होत्या. चार व्यवस्थित चालायच्या. लाईन तीनचा कॉम्प्युटर मात्र दर पंधरा-सतरा दिवसांनी गळपटायचा. आधी मंद व्हायचा, मग फोटो तपासणारा प्रोग्रॅम अचानक बंद पडायचा, आपोआप उठायचा, दोन-चार मिनिटांत पुन्हा बंद. शेवटी सुपरवायझर कपाट उघडून बटण दाबायचा. रीस्टार्ट झाला की पुन्हा पंधरा दिवस आराम.

लॉगमध्ये कारण अगदी ठळक लिहिलेलं असायचं : मेमरी संपली, म्हणून अमुक नंबरचा प्रोसेस मारला. मारलेल्याचं नाव दर वेळी एकच, या मुलाच्या प्रोग्रॅमचं. मला आणखी काय हवं होतं? मी तीन ओळींचा मेल लिहिला. ॲप्लिकेशनमध्ये मेमरी लीक आहे, वारंवार सांगूनही सापडलेला नाही, कंत्राट वाढवण्याबाबत विचार व्हावा. चार जणांना पाठवला.

इथं थोडं थांबून सांगायला हवं की हा मारणारा कोण आणि तो माणूस कसा निवडतो. लिनक्सच्या कर्नलमध्ये एक व्यवस्था आहे, तिला आउट ऑफ मेमरी किलर म्हणतात. मेमरी पूर्ण संपली आणि कुठूनच मोकळी होईना, की कर्नल चालू प्रोसेसची यादी काढतो, कोणी किती जागा अडवली आहे ते पाहतो आणि साधारणपणे ज्याच्याकडे सगळ्यात जास्त, त्याला मारतो. गुन्हेगार कोण, हे तो शोधत नाही. एकाला मारून जास्तीत जास्त जागा कशी मिळेल, एवढाच त्याचा हिशोब असतो. आणि या यादीत एक नाव कधीच नसतं : खुद्द कर्नलचं. कर्नलनं स्वतःच्या कामासाठी घेतलेली मेमरी कुठल्याच प्रोसेसच्या खात्यावर लागलेली नसते. आमच्या कॉम्प्युटरवर त्या मुलाचा प्रोग्रॅम पावणेतीन-तीन जीबी घ्यायचा, कारण फोटो मोठे. बाकी कोणी शंभर एमबीच्या वर जात नव्हतं. म्हणजे मेमरी कोणीही खावो, मरणार हाच.

त्याचा प्रश्न यातूनच आला होता. साधा प्रोग्रॅम कितीही गळका असला तरी तो मेला की त्यानं घेतलेली सगळी पानं कर्नल परत घेतो. व्हायला हवं होतं असं, की प्रोग्रॅम मेला, पाच-सहा जीबी मोकळे झाले, तो पुन्हा उठला आणि पुढचे पंधरा दिवस मजेत चालला. प्रत्यक्षात तो उठून चार मिनिटांत पुन्हा मरत होता. बाकीची मेमरी कोणाकडे होती?

मी हे का ऐकलं नाही, त्यालाही एक जुनं कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सर्व्हरवर मेमरी कमी होत चाललेली पाहून मी भर मीटिंगमध्ये "कर्नलमध्ये लीक आहे" असं जाहीर केलं होतं. डेंट्री नावाच्या गोष्टींनी कित्येक जीबी भरले होते. डेंट्री म्हणजे फाईलच्या नावाची कर्नलनं ठेवलेली आठवण. गंमत अशी की फाईल अस्तित्वात नसेल तरी "ही फाईल नाही" हीसुद्धा आठवण तो ठेवतो, पुढच्या वेळी डिस्कवर जायला नको म्हणून. आमची एक स्क्रिप्ट दर मिनिटाला कर्ल चालवायची, आणि कर्ल सुरक्षित जोडणीसाठी जी लायब्ररी वापरत होता ती दर वेळी नसलेल्या फाईली हजारोंनी धुंडाळायची. तेवढ्या "नाही"च्या आठवणी साठत गेल्या. एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं सगळ्यांसमोर ड्रॉप कॅशेस या फाईलमध्ये २ हा आकडा लिहिला आणि सगळी मेमरी क्षणात परत आली. जे मागितल्यावर परत येतं त्याला लीक म्हणत नाहीत. त्या दिवसापासून मी कर्नलवर आरोप करायचं सोडलं होतं. चूक नेहमी वरच्या प्रोग्रॅमची, असं एक सूत्रच करून टाकलं होतं.

मेल पाठवल्यावर चार दिवसांनी लाईन तीन पुन्हा पडली. या वेळी मी लॉग पूर्ण वाचला. कबूल करतो, तोपर्यंत मी फक्त शेवटची ओळ वाचत होतो, मारलेल्याचं नाव असलेली. त्याच्या वर दीड-दोन पडदे भरून आकडे असतात. त्यात एक आकडा "स्लॅब अनरिक्लेमेबल" असा होता, साडेअकरा लाखांच्या पुढे. हे आकडे पानांत असतात, आणि आमच्या कॉम्प्युटरवर एक पान ४ केबीचं. गुणाकार केला तर साधारण ४.४ जीबी. खाली प्रोसेसची यादी होती, तिची बेरीज जेमतेम ३ जीबी. म्हणजे अर्ध्याहून जास्त मेमरी कर्नलच्या स्वतःच्या कोठारात होती, आणि तीही परत न मिळणाऱ्या खात्यात.

कोठार हा शब्द मी सहज वापरला नाही. आमच्या अब्बांचं मिरजेत लग्नकार्यासाठी भांडी भाड्यानं देण्याचं दुकान होतं. डेग, पातेली, ताटं, वाट्या, पाण्याचे ग्लास. दुकानात भांडी आकारानुसार थप्प्या लावून ठेवलेली असायची, म्हणजे कोणी "पन्नास ताटं" म्हटलं की शोधाशोध नको. कर्नलचा स्लॅब अगदी असाच आहे. जेफ बॉनविक यांनी सन कंपनीच्या सोलॅरिससाठी तो लिहिला आणि १९९४ मध्ये त्यावर निबंध वाचला. सारख्या आकाराच्या वस्तूंची आधीच थप्पी लावून ठेवायची, मागेल त्याला वरची द्यायची, परत आली की पुन्हा थप्पीवर ठेवायची. लिनक्सनं ती कल्पना घेतली. आज तिथं जी आवृत्ती चालते ती स्लब, ख्रिस्तोफ लामेटर यांची, २००७ मध्ये आलेली. जुना स्लॅब २०२४ मध्ये ६.८ आवृत्तीत काढून टाकला.

अब्बांच्या दुकानात प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं असायचं. तरी दर सीझनला पाच-सात पातेली जायचीच. ती चोरीला गेलेली नसायची. कोणाच्या तरी माळ्यावर असायची. नेणाऱ्याचं वहीतलं नाव "जमा" म्हणून कापलेलं असायचं, किंवा लिहायचंच राहिलेलं असायचं. भांडं आहे, पण ते कुठं आहे हे सांगणारी एकही ओळ जगात नाही. मेमरी लीकची याहून नेमकी व्याख्या मला पुस्तकात मिळाली नाही.

कामाकडे येतो. दहा-दहा मिनिटांनी मेमइन्फोची नोंद करणारी एक ओळ मी क्रॉनमध्ये टाकली आणि वाट पाहिली. नवख्या वाचकांसाठी : फ्री कमांडमधला "फ्री" हा आकडा पाहून घाबरू नये, लिनक्स रिकामी मेमरी फाईलींच्या कॅशेला वापरतो आणि लागली की परत देतो. पाहायचा तो "अव्हेलेबल". २०१४ पासून, ३.१४ आवृत्तीपासून तो मिळतो. आणि कर्नलवर संशय असेल तर "एसअनरिक्लेम". माझ्या नोंदीत हा दुसरा आकडा रोज ३०० एमबीच्या आसपास चढत होता. मुलाच्या प्रोग्रॅमचा आकडा सपाट. दहा दिवसांनी आलेख काढला तर चढत्या रेषेत एक सपाट पायरी दिसली. तारीख पाहिली. गुरुवार. आमच्याकडे पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणला कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. कॉम्प्युटर चालू होता, मुलाचा प्रोग्रॅमही चालू होता, फक्त पट्टा बंद होता, आणि गळती थांबली होती.

त्या मुलाला मी हा आलेख दाखवला. तो म्हणाला, "म्हणजे बोल्ट आला की गळतं." मग थोडं थांबून, "पण फोटो माझ्याकडे येण्याआधी, की नंतर?"

हे शोधणं मात्र सोपं नव्हतं. स्लॅबटॉप चालवलं तर सगळ्यात वर "केमॅलॉक-१के". याचा अर्थ एवढाच, की ५१३ ते १०२४ बाइटच्या मधलं काही तरी कोणी तरी घेतंय. कर्नलमधल्या शेकडो गोष्टी ही थप्पी वापरतात. विंडोजवाल्यांचं इथं बरं आहे. त्यांच्या कर्नलमध्ये मेमरी मागताना चार अक्षरांची खूण द्यावी लागते, आणि पूलमॉन नावाचं साधन खुणेनुसार हिशोब दाखवतं. नाव घातलेली भांडी. लिनक्समध्ये ही थप्पी बिननावाची. नावं हवी असतील तर स्लबचा तपास-पर्याय चालू करून रीस्टार्ट करावं लागतं, मग प्रत्येक वस्तू कोणी मागितली ते लिहिलं जातं. आम्ही त्याऐवजी केमेमलीक घ्यायचं ठरवलं, कारण मागितलेलं काय आणि हरवलेलं काय, हा फरक तेच सांगू शकतं.

केमेमलीक कॅटालिन मारिनास यांनी लिहिलं, २००९ मध्ये २.६.३१ आवृत्तीत आलं. ते दिलेल्या प्रत्येक तुकड्याचा पत्ता लिहून ठेवतं. मग दर दहा मिनिटांनी कर्नलची सगळी मेमरी चाळतं : ग्लोबल व्हेरिएबल, स्टॅक, आणि त्यांच्यातून ज्यांच्यापर्यंत पोचता येतं ते तुकडे. ज्या तुकड्याचा पत्ता कुठंच लिहिलेला सापडत नाही, तो संशयित. गल्लीतल्या प्रत्येक घरात जाऊन "आमचं पातेलं तुमच्या वहीत आहे का" असं विचारण्यासारखं आहे हे, आणि तेवढंच वेळखाऊ. नेहमीच्या कर्नलमध्ये ते बंद असतं. वेगळा कर्नल बांधावा लागतो, आणि तो मंद चालतो.

त्याच्या मर्यादाही आहेत. योगायोगानं एखादा आकडा पत्त्यासारखा दिसला तर खरा लीक सुटतो. पत्ता वेगळ्या रूपात ठेवलेला असला तर निर्दोष तुकड्यावर आळ येतो. म्हणून एका चाळणीवर विश्वास ठेवायचा नाही. कोणी थेट पानंच घेतली असतील तर ती याला दिसत नाहीत, त्यासाठी पेज ओनर हे वेगळं साधन. आणि सगळ्यात चिवट प्रकार म्हणजे मोजणीचा लीक. वस्तू यादीत आहे, पत्ता शाबूत आहे, पण तिचा वापर संपला हे कोणी सांगितलंच नाही म्हणून ती कायमची पडून. केमेमलीकच्या दृष्टीनं सगळं ठीक. नेटवर्कचा एखादा भाग काढताना "मोकळं होण्याची वाट पाहतोय" असा संदेश लॉगमध्ये पुन्हा पुन्हा येताना ज्यांनी पाहिलाय, त्यांना हा प्रकार माहीत असेल.

ऑफिसात आम्ही तसंच कार्ड लावलं, सेन्सरऐवजी सिग्नल जनरेटर जोडला, सेकंदाला चार ठोके. केमेमलीकचा कर्नल. दोन दिवस चालवलं. काही नाही. एक बाइट गळाला नाही. मी पुन्हा मुलाकडे बघायला लागलो, हेही कबूल करतो.

मग कारखान्याची परवानगी काढली. लाईन बंद असतानाच कर्नल बदलता येणार, म्हणजे गुरुवारी. आणि गुरुवारी पट्टा बंद, म्हणजे गळती नाही. तेव्हा गुरुवारी दुपारी कर्नल टाकून घरी गेलो आणि शुक्रवारी पहाटे साडेपाचला दोघं माझ्या गाडीनं पुन्हा चाकणला. नाशिक फाट्यावर चहा घेतला. तो सगळ्या रस्त्यात फारसं बोलला नाही. मेलबद्दल त्याला कळलं होतं, असं मला वाटतं. मी विचारलं नाही.

सात वाजता पहिली पाळी सुरू झाली. प्रेसचे दणके बसायला लागले, कपाटाचं दार थरथरायला लागलं. सव्वासातला लॉगमध्ये ओळ आली : दोन हजार तीनशेच्या वर नवीन संशयित लीक. पुढच्या चाळणीत आणखी तेवढेच. तिसऱ्या चाळणीत आणखी तेवढेच. आम्ही यादी उघडली. प्रत्येक नोंदीत आकार १०२४, आणि ज्याच्या नावावर ती मेमरी मागितली गेली त्या रकान्यात प्रोग्रॅमचं नाव नव्हतंच. तिथं "हार्डआयआरक्यू" लिहिलं होतं. म्हणजे मागणी कुठल्याही प्रोसेसनं केलेली नव्हती, हार्डवेअरनं दिलेल्या हाकेला उत्तर देताना कर्नलनं केली होती. खाली फंक्शनांची उतरंड. वरून दुसरं नाव आमच्या ड्रायव्हरमधलं.

त्यानं फक्त बोट ठेवलं त्या ओळीवर. "हे माझं नाही ना, सर?"

"नाही," मी म्हटलं. "हे आमचं."

कोड उघडायला पाच मिनिटं लागली. सेन्सरची हाक आली की ड्रायव्हर फोटोच्या विनंतीसाठी एक तुकडा घेतो. त्यानंतर एक तपासणी होती : आधीचा फोटो अजून पुरा व्हायचा असेल तर "ईबिझी" म्हणून परत फिरायचं. परत फिरताना घेतलेला तुकडा सोडायचा राहिला होता. तपासणी तुकडा घेण्याच्या वर लिहिली असती तरी भागलं असतं. लाईन तीनचा सेन्सर प्रेसच्या अगदी जवळ, पट्टी थरथरते, त्यामुळे एका बोल्टला दोन हाका. दुसरी हाक दर वेळी "ईबिझी". सेकंदाला चार, दिवसाला सुमारे बावीस तास, प्रत्येकी एक केबी. हिशोब करून पाहा, ३०० एमबीच येतात. आमच्या ऑफिसातल्या जनरेटरचे ठोके स्वच्छ होते, दुसरी हाक कधी आलीच नाही.

ती तपासणी तीन वर्षांपूर्वी घातलेली. लिहिणारा केव्हाच कंपनी सोडून गेला. बदल अकरा ओळींचा. खाली पद्धतीप्रमाणे "रिव्ह्यूड बाय", आणि पुढं माझं नाव. जुना मेल शोधून पाहिला. शुक्रवारी संध्याकाळी ५.४० ला बदल आला होता, ५.५२ ला मी "ठीक दिसतंय" लिहिलं होतं.

असे लीक बहुतेक वेळा याच जागी असतात, चुकीच्या वाटेवर. सरळ वाट सगळे तपासतात. म्हणून तर कर्नलमधल्या सी कोडमध्ये फंक्शनच्या शेवटी पायऱ्या रचतात, जिथून मागे फिराल तिथून पुढच्या सगळ्या पायऱ्या उतरत, घेतलेलं सोडत जायचं. २०२३ पासून, ६.५ मध्ये, व्हेरिएबलवरच खूण करून फंक्शन संपताना ते आपोआप मोकळं करायची सोयही आली. आणि २०२४ मध्ये ६.१० सोबत ॲलॉकइन्फो आलं, कोडची कुठली ओळ किती मेमरी धरून बसलीये त्याची सरळ यादी. आमचा कर्नल ५.१० होता. नवा असता आणि ती सोय चालू असती, तर पाच आठवड्यांचं काम एका सकाळीत झालं असतं, आणि तो मेल कदाचित गेलाच नसता. कदाचित म्हणतो, कारण यादी वाचावी लागते.

परत येताना गाडीत त्यानं विचारलं, "पहिला मेल कोणाकोणाला गेला होता, सर?" म्हणजे माहीत होतं. मी चार नावं सांगितली. दुसरा मेल त्याच चौघांना पाठवला, त्यात अकरा ओळी, तारीख आणि माझं नाव जसंच्या तसं लिहिलं. एकाचं उत्तर आलं. कंत्राट तीन महिन्यांनी वाढलं. तिसऱ्या महिन्यात तो हैदराबादला दुसरी नोकरी लागून गेला. जाताना व्हॅलग्राइंडचे अठरा रिपोर्ट असलेलं फोल्डर मला देऊन गेला. "तुमच्याकडे असू द्या."

दुरुस्त ड्रायव्हर पाचही लाईनवर चालू आहे. एसअनरिक्लेमची रेषा सपाट आहे, मी अधूनमधून पाहतो. लाईन तीनचा सुपरवायझर मात्र अजूनही दर दुसऱ्या गुरुवारी कपाट उघडून कॉम्प्युटर रीस्टार्ट करतो. मी त्याला सांगितलं, आता गरज नाही. त्यानं रजिस्टर काढून दाखवलं. मागच्या वर्षी मीच ती सूचना लिहून खाली सही केली होती.